वळण्याची वेळ

सतरा नंबर वळला नाही.

तसं पाहिलं तर यात दचकण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे उंदीर मरतात; शेवटी मरण्यासाठीच ते आमच्याकडे येतात. माझं काम अगदी साधं आहे. गुंगीच्या औषधाचं, म्हणजे बार्बिच्युरेटचं, इंजेक्शन उंदराच्या पोटात द्यायचं, पाय ढिले पडले की त्याला पन्हळीसारख्या पत्र्याच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि बसून राहायचं. उताणं पडून राहणं कुठल्याच उंदराला सहन होत नाही. शुद्धीवर येताच तो आधी वळतो, चारी पाय खाली टेकतो, मग बाकीचा विचार करतो. मी त्याला पुन्हा उताणा करायचा. पुन्हा वळला तर जागा झाला असं धरायचं. नोंदवहीतल्या त्या रकान्याचं नाव ‘वळण्याची वेळ’. पहिल्या दिवशी सतरा नंबर ब्याण्णव मिनिटांनी वळला होता. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच औषधाने सत्तर. चौथ्या दिवशी एक्केचाळीस. सहाव्या दिवशी एकोणतीस मिनिटांत चार पायांवर उभा राहून तो माझ्याकडे असा बघत होता, की झालं का तुमचं? औषध तेच, सुई तीच, देणारा हात तोच. फक्त त्याला सवय झाली होती. इतक्या पटकन सवय होते, हेच आमच्या मॅडमना जगाला दाखवायचं होतं. आज त्यांनी डोस वाढवायला सांगितला. पहिल्या दिवसाइतकी झोप परत आणायला किती औषध लागतं ते बघायचं होतं. बारा उंदीर, बारा ट्रे, बारा स्टॉपवॉच. दहा वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरला सुई दिली. साडेदहाला त्याचा श्वास उथळ झाला, पावणेअकराला मधेमधे थांबायला लागला. मी चिमट्याने त्याच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय मागे घेतला नाही. छाती एकदा वर आली आणि तिथेच कुणीतरी बोलावून नेल्यासारखी थांबली.

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बघितलं. वाईट वाटलेलं नव्हतं. त्यांनाही नाही, मलाही नाही. “लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि अहो, चेहरा का असा केलाय? पुस्तकातच आहे हे. जागं होण्याची सवय होते, मरण्याची होत नाही. झोपेचा डोस वरवर सरकत जातो, मरणाचा जवळपास आहे तिथेच राहतो. मधली जागा कमी कमी होत जाते, एवढंच.” मी मान डोलावली. मला हे माहीत होतं. नऊ वर्षं मी हेच काम करतोय, हे वाक्य मी स्वतः दोनदा टाइप केलंय. पण माहीत असणं आणि कळणं यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर राहिलंय. मी रकान्यात आडवी रेघ मारली. मेलेल्याला वळण्याची वेळ नसते, म्हणून रेघ. आणि रेघ मारता मारता मला सकाळची बशी दिसली. पांढरी, कडेला टवका उडालेली. त्यात तीन गोळ्या. काल दोन होत्या. तिसरी मी आज वाढवली होती.

पहिला उंदीर मेला तेव्हा मी जेवलो नव्हतो. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. पिंजरे धुणारे मामा तेव्हा म्हणाले होते, “साहेब, आज जेवत नाही आहात, महिन्याभराने डबा याच टेबलावर उघडाल.” महिना लागला नाही. अठरा दिवस लागले. अशी माझी एकेक सवय जडण्याची वेळ मला आठवते. वासाची, सुईची, रविवारी सुट्टी असूनही हात धूत बसण्याची. दुःख वाटेनासं झालं तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. मग काही काळाने मला कळलं, की त्याच्याबरोबर आणखीही काही काही वाटेनासं झालंय. बाबा गेले तेव्हा मी सगळं नीट केलं, सगळ्यांना कळवलं, सगळे कागद जागेवर ठेवले, आणि लोक म्हणाले, काय धीराचा मुलगा आहे. धीर कसला! सहाव्या दिवशीच्या सतरा नंबरसारखी माझ्यावर कशाची गुंगी चढत नव्हती, इतकंच.

आणि ताई. तीन वर्षांपूर्वी ताई नवऱ्याचं घर सोडून आली ती एका ट्रंकेनिशी आणि एका शिवणयंत्रानिशी. जिन्यावरून ते यंत्र आम्ही दोघांनी वर आणलं. मी खालून धरलं होतं, ती वरून, आणि दर पायरीला ती म्हणायची, “सांभाळ, मिनिटकाट्या.” हे माझं तिने ठेवलेलं नाव. लहानपणी मी सारखा घड्याळाकडे बघायचो; शाळा सुटायला किती, दूध उतू जायला किती. यंत्र खिडकीखाली ठेवलं. ती घाम पुसत त्याच्यावरच बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी विचारावं म्हणून ती बघत होती हे मला तेव्हाही समजलं होतं. मी म्हणालो, “चहा टाकू का?” नंतर विचारू, तिला त्रास नको, असं मी मनाशी म्हटलं. नंतर विचारायचं राहून गेलं. राहून गेलेलं पुढे विचारणं अवघड होतं, मग विचित्र होतं, आणि मग न विचारणं हीच घरातली रीत होऊन बसते. तिला एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर रात्रपाळी मिळाली. बोर्डावर रात्रभर ती एकटी. सकाळी सव्वाआठला घरी यायची, डाव्या कानावर हेडफोनचा लालसर वळ घेऊन. घरात फोन घ्यायचा का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, “मिठाईवाल्याच्या घरी मिठाई असते का?” मला हसू आलं. आम्ही दोघं हसलो. खरंच, आम्ही पुष्कळ हसायचो.

दिवसा तिला झोप येईना म्हणून इस्पितळातल्याच डॉक्टरांनी गोळी दिली. रोज एक. बाटली मी माझ्याकडे ठेवली, माझ्या कपाटात, कुलपात. त्या जातीच्या औषधाशी माझा रोजचा संबंध, म्हटलं आपण लक्ष ठेवू. रोज सकाळी बशीतून गोळी द्यायची आणि संध्याकाळी विचारायचं, “किती?” ती सांगायची, “सहा तास.” मी वहीत लिहायचो. महिन्याभराने पाच. मग साडेचार. मी तिला जेवताना उंदरांचं सांगितलं होतंच. पहिल्या दिवशी दीड तास आणि सहाव्या दिवशी अर्धा, हे मी ताटाच्या कडेला बोटाने रेघ काढून दाखवायचो आणि ती घास हातात धरून ऐकायची. “म्हणजे मीही तुझा उंदीरच,” ती म्हणायची. मी म्हणायचो, “उंदीर तुझ्यासारखे घोरत नाहीत.” साडेचारवर आली तेव्हा मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा आलेख बघितला, खूश झाले, म्हणाले, “तुम्हाला यातलं कळतं, दोन द्या.” दोनवर ती पुन्हा सहा तासांवर गेली आणि पुन्हा उतरायला लागली, पाच, साडेचार, चार. ती उतरती रेघ आणि आमच्या उंदरांची उतरती रेघ मी एकदा कागदावर कागद ठेवून खिडकीच्या काचेवर लावून बघितल्या होत्या. जुळत होत्या. मला त्या दिवशी चक्क आनंद झाला होता. आज सकाळी मी डॉक्टरांना न विचारताच तिसरी गोळी बशीत ठेवली. नंतर सांगू म्हटलं. ती यंत्रापाशी केस सोडून बसली होती. “आज तीन?” ती म्हणाली. “चार तास फार कमी होतात,” मी म्हणालो. “बरं,” ती म्हणाली. मी भिंतीवरच्या घड्याळात आठ पन्नास बघितले, चपला घातल्या आणि निघालो.

अकराला पाच कमी असताना मी हातमोजे काढले. ट्रेमध्ये अकरा उंदीर उताणे पडले होते. मॅडम आत फोनवर होत्या. मी त्यांच्या दाराशी जाऊन म्हणालो, “मला घरी जावं लागेल.” त्यांनी फोनवर हात ठेवला. “आत्ता? आणि यांच्या नोंदी?” मला काय झालंय ते मला सांगता येईना. भीती वाटत होती असंही म्हणता येत नव्हतं. जे वाटत होतं ते माझंच आहे की कुणाचं मला सांभाळायला दिलंय, तेही कळत नव्हतं. “बहिणीला बरं नाही,” शेवटी मी म्हणालो, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “जा,” त्या म्हणाल्या.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. समोरच्या सीटवर एक बाई मांडीवर टेबलफॅन घेऊन बसली होती आणि बसच्या वाऱ्याने त्याचं पातं आपोआप हळूहळू फिरत होतं. मी त्याचे फेरे मोजायला लागलो. मग हिशोब करायला लागलो. आठ पन्नासला तीन. रेघ जर खरी, तर तिला दोनची सवय झालीय. सवय जितकी जास्त, मधली जागा तितकी कमी. तिचं वजन किती? मला तिचं वजन माहीत नव्हतं. बारा उंदरांची वजनं मला ग्रॅमपर्यंत पाठ होती. तिला काय आवडतं? शिवायला निळा दोरा संपला होता, तो आणायला तिने सांगितलं होतं महिन्यापूर्वी. बाकी मला काय माहीत होतं तिचं? सिग्नलला बस थांबली. रस्त्याच्या कडेला एक माणूस दुकानाच्या पाटीवरची जुनी अक्षरं खरवडत होता, अगदी निवांतपणे, आणि मला एकदम त्याचा इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. दोन स्टॉप आधीच उतरलो आणि चालायला लागलो. पळालो नाही. पळालो असतो तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं, पण पळायचं सुचलंच नाही. जणू कुणीतरी मला लांबून बघत होतं, वहीत लिहीत होतं, पळाला नाही, चालत गेला.

दार माझ्या किल्लीने उघडलं. पडदे ओढलेले होते आणि त्यांच्यातून येणाऱ्या उजेडाने खोली फिकट पिवळी झाली होती. ताई पलंगावर उताणी पडली होती. ती कधीच उताणी झोपत नाही. लहानपणी एका अंथरुणात झोपायचो तेव्हापासून मला माहीत आहे. पाय पोटाशी घेऊन, एक हात उशीखाली. आता दोन्ही हात बाजूला होते, तोंड किंचित उघडं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. हाक मारावी, खांदे धरून हलवावं, शेजारच्यांना बोलवावं, माणसाने काय काय करावं ते सगळं मला सुचत होतं. मी यातलं काही केलं नाही. मी खाली वाकलो आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. तिच्या टाचेला भेगा पडल्या होत्या. मी दाबलं. काहीच झालं नाही. पाय मागे घेतला नाही. मी आणखी जोरात दाबलं, नखाच्या मुळाशी, जसं आम्ही दाबतो तसं, आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. तो माझा होता हे मला जरा उशिराच कळलं.

“अरे ए! दुखतंय,” ताई म्हणाली.

तिने पाय ओढून घेतला. डोळे उघडले नव्हते. मी जमिनीवर बसलो, पलंगाच्या पायाला पाठ लावून, आणि रडलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बाबा गेले तेव्हाचं, ते यंत्र जिन्यावरून आणलं तेव्हाचं, सगळं एकदम आलं. बऱ्याच वेळाने वरून तिचा आवाज आला, झोपेने जाड झालेला, पण शुद्धीतला. “मी एकच घेतली.”

“काय?”

“गोळी. मी एकच घेते. पहिल्यापासून एकच. आज तीही जरा उशिरानेच घेतली.”

मी मान वर करून बघितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं, पाय पोटाशी घेतले होते. मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि मानेवरचे केस. त्यांतले बरेच पांढरे झाले होते. कधी झाले? “पण मी रोज तुझ्यासमोर—” मी म्हणालो.

“तू घड्याळाकडे बघत असतोस,” ती म्हणाली. “मी पाणी पिते तेव्हा तू घड्याळ बघतोस. एक तोंडात, बाकीच्या मुठीत. काही कठीण नव्हतं रे.”

“मग ते तास? साडेचार, चार?”

“ते तूच शिकवलंस की. जेवताना. आधी भरभर उतरतं, मग सावकाश. वाढवली की पुन्हा वर जातं, मग पुन्हा उतरतं. कमी सांगितलं की तू एक वाढवायचास. मी सांगत गेले, तू लिहीत गेलास. मी किती तास झोपते ते मलाच माहीत नाही.”

मॅडमचं एक म्हणणं आहे. आकडे फार शहाण्यासारखे वागायला लागले तर आकडे लिहिणाऱ्याकडे बघावं. खिडकीच्या काचेवर दोन रेघा जुळल्या तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. इथे नक्की कुणी सोंग घेतलं होतं? मी उठलो. कुठे बघायचं हे मला कुणी सांगितलं नाही, पण मी सरळ शिवणयंत्राकडे गेलो आणि त्याचा खण उघडला. रिकामी रिळं, खडू, टेप, आणि बटणांचा गोल पत्र्याचा डबा. डबा जड नव्हता. झाकण उघडलं. वर बटणं होती, मोठी, कोटाची. त्यांच्याखाली गोळ्या. मी आयुष्यभर सगळं मोजत आलोय, खोलीच्या फरशा, जिन्याच्या पायऱ्या, लोकांच्या उचक्या. त्या गोळ्या मी मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती. कुठल्याही सवयीपलीकडे जातील एवढ्या त्या होत्या.

“कशासाठी?” मी विचारलं.

“माहीत नाही,” ती भिंतीला म्हणाली. “घरात असाव्यात म्हणून. पावसाळ्याआधी लोक काडेपेट्या आणून ठेवतात तशा.” मग म्हणाली, “आज तू तीन ठेवल्यास तेव्हा वाटलं, आता पुरे झाल्या. मग बराच वेळ बसून राहिले. मग एकच घेतली आणि पडले. उताणी. म्हटलं, कसं वाटतं बघू या. तुझ्या उंदरांना.”

मी डबा घेऊन मोरीत गेलो आणि गोळ्या पाण्यात सोडल्या. बटणंसुद्धा गेली. पाण्याचा आवाज थांबल्यावर खोलीत एक बारीक टकटक ऐकू यायला लागली. मला वाटलं भिंतीवरचं घड्याळ. “ते नाही,” ताई म्हणाली. रात्रभर तारेवरचे आवाज ऐकणारा तिचा कान. “तुझ्या खिशात काहीतरी चालू आहे.” मी खिशात हात घातला. सतरा नंबरचं स्टॉपवॉच होतं. रेघ मारली, पण ते बंद करायचं राहून गेलं होतं. एक तास एकोणपन्नास मिनिटं. तिथे टेबलावर आता अकराच्या अकरा उंदीर एकेक करून चारी पायांवर उभे राहत असतील, आणि त्यांची वेळ लिहायला कुणी नसेल.

“परत जायचंय?” तिने विचारलं.

“नाही.”

“लिहून ठेवायचं असेल तर ठेव.”

“नाही,” मी म्हणालो. घड्याळ थांबवलं आणि तिच्या यंत्रावर ठेवलं. पलंगाच्या कडेवर बसलो. तिच्या डाव्या कानावरचा लाल वळ अजून गेला नव्हता. तो रोज असाच असायचा, आणि मी रोज बघूनही तो बघितला नव्हता. मला भीती वाटत होती. आता मला नक्की सांगता येतं, ती भीतीच होती, आणि ती वाटतेय याचं मला बरं वाटत होतं. विचारायला तीन वर्षं उशीर झाला होता. एवढ्या उशिरा कसं विचारतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून जसं सुचलं तसं विचारलं.

“ताई, तुला झोप का येत नाही?”

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा. मी वाट बघितली. किती वेळ, ते बघितलं नाही.

“बोर्डावर रोज पहाटे तीनला एक फोन येतो,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “बोलत कुणी नाही. नुसता श्वास ऐकू येतो. इस्पितळाचा फोन, मला ठेवून देता येत नाही. कुणी खरंच अडचणीत असेल तर? म्हणून मी ऐकत बसते. दीड वर्ष झालं. तो श्वास कुणाचा आहे ते मला माहीत आहे. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी झोपत होते.”

“त्याचा?” मी म्हणालो. “त्याने काय केलं होतं ताई? तू का आलीस?”

ती वळली.